चार इंची धार

नाई जी, पंपात दोष नाई. पंप तुमच्या कंपनीचा चांगलाच हाय, म्या कवा म्हनलं वाईट हाय म्हनून? तुमी बसा तर आधी. त्या पेटीवर नका बसू, तिले ग्रीस लागेल हाय, अन् तुमचं धोतर पांढरंशुभ्र — हां, त्या स्टुलावर बसा. आता आयका. अकोल्याहून एवढ्या उन्हात सर्विस मोटारीत आदळत आले, फुलचंद शेटच्या बंगल्यावर जाऊन हौद पाह्यला, नाकाले रुमाल लावून पाह्यला असन, अन् आता मले म्हन्ता, गफ्फार मिस्त्री, मालेगावात इंजिनातले दुसरे जानकार तुमी, तुमचं मत सांगा. दुसरे! नाई, बरोबर हाय. मंग पहिला कोन ते बी सांगा ना. नका सांगू, गावातलं कोनतंबी शेंबडं पोट्टं सांगन — जमशेद. जमशेद मिस्त्री, अकोल्याच्या कंपनीचा एजंट, दुकानावर पत्र्याची पाटी, पाटीवर पंपाचं चित्र. माह्या दुकानावर पाटी नाई. लागत नाई मले. ज्याचं इंजिन बंद पडते तो बिना पाटीचा येते.

चहा घेसान ना? आमच्या घरचा चालत नसन तर समोरच्या हाटेलातला सांगतो — चालते? बरं. सुलतानबी, दो चाय भेजना! घरवाली हाय. तिलेबी विचारून पाहा, तीबी जमशेदचंच नाव घेईन. असो. लिहून घेनार? घ्या लिहून. म्या सांगतो अन् तुमी लिहा, म्हनजे तुमच्या मोठ्या साहेबाले कळन का एजंट बनवतानी कोनाले बनवाव अन् कोनाले नाई. एजंटगिरी काढून घेनार हाय का त्याची? नाई, मी आपलं सहज विचारलं. माह्या मनात तसं काईच नाई.

आता पाहा, ज्याले तो हौद कायले बांधला हे कळलं नाई, त्याले त्याचा पंप कधीच कळनार नाई. लोकं म्हन्तात शेटनं शौकाले बांधला, मुंबईच्या एखाद्या बंगल्यात पाह्यला असन अन् आपल्याकडंबी पाह्यजे म्हनून. झूट. दोन वर्साआधी सरकीच्या सौद्याले जातानी शेटची बैलांची दमनी उलटली, चाक कमरेवरून गेलं, पाय गेले. हायेत, पन उचलत नाईत. नागपूरच्या डाक्टरनं सांगतलं, छातीएवढ्या पान्यात उभं राहा, पान्यात मानसाचं वजन राहत नाई, रोज सकाळी धरून धरून पाय टाका, सा महिन्यात जमिनीवर चालसान. आता तो मानूस इहिरीत कसा उतरन? पायऱ्या उतराले पाय पाह्यजेत ना आधी. म्हनून मांगच्या बागेत हौद. तीस फूट लांब, पंधरा रुंद, पानी छातीएवढं — अकरा हजार गॅलनच्या वर जाते. बरं, रोज नवं पानी भरू म्हनान, तर आनसान कुठून? हे वऱ्हाड हाय जी. चैतात शेटच्या इहिरीत दोन हात पानी राहते, तेवढ्यात घर, बैलं अन् संत्र्याची झाडं. एकदा हौद भरला का तेच पानी सा महिने पुरवाचं. म्हनून पंप. भराले नाई — फिरवाले! हौदातलं पानी ओढाचं, वाळू-कोळशाच्या टाकीतून गाळून काढाचं, पुन्हा हौदात सोडाचं. लिहा हे. भराचा पंप वेगळा अन् फिरवाचा पंप वेगळा, हे इथी कोनाले समजत नाई.

नाई समजत, काहून का आमच्या लोकाईची नजर वावराची. वावरात पंप आला का गावचा गाव पाटाच्या तोंडाशी जाऊन उभा राहते अन् धार पाहते. किती जाडी हाय? मांडीएवढी! वा रे पंप! वावरात बरोबरच हाय ते — तिथं पानी येते, जाते, जमीन पिऊन टाकते. जेवढी जाड धार तेवढं वावर वल्लं. पन हौदात पानी जाते कुठी? कुठीच जात नाई, तिथंच राहते. तिथं जाड धार काय कामाची? तिथं पाह्यजे हळू. हळू अन् लय वेळ. दिवसभर बारीक धारेनं सारं पानी एकदा वाळूतून जाऊन आलं का बस. वाळूले बी दम पाह्यजे ना. तुमी पिठाची चाळनी जोरजोरात हालवली तर कोंडाबी खालीच पडन. तसं वाळूचं. चार इंची पंपाची धार वाळूवर पडली का वाळूत खड्डा खनते, अन् त्या खड्ड्यातून पानी जसंच्या तसं खाली — घान बी त्याच्याच संगं. पाह्यलं ना तुमी टाकीत? मधात कोरडी इहीर खनल्यावानी खड्डा अन् बाजूची वाळू धुतल्यासारखी कोरी. बाजूच्या वाळूतून पानी गेलंच नाई कधी.

अजून लिहा. इंजिनबी मोठं, त्याले तेल लागते, शेटानीनं सांगतलं तासभरच चालवा. म्हनजे काय झालं — तासभर धो धो, अन् तेवीस तास पानी मुरदाड. अजून लिहा. पंप चार इंची अन् पानी ओढनारा पाइप दोन इंचीच. दोन इंचीच! त्या पंपाले पानी मिळतच नाई, उपाशी पोटी धावते बिचारा. आवाज आयकला का तुमी? आत कोनी फुटाने भाजून राह्यलं असं वाटते. चार महिन्यात त्याचे पाते खाऊन टाकले असतीन त्या आवाजानं, खोलून पाहा. अन् सगळ्यात मोठी गोठ — पानी ओढते जिथून, टाकते बी तिथंच. वाळूची टाकी व्हरांड्यासमोर, ओढनारा पाइप बी व्हरांड्यासमोर. तेच तेच पानी फिरते जी, व्हरांड्यासमोरचं! पल्याडच्या कोपऱ्यातलं पानी जागचं हललं नाई. जिथं शेटले चालाचं, लोखंडी दांडी जिथं लावली, तोच कोपरा.

काय म्हन्ता, एवढं सगळं तुमाले कसं माहीत? डोये हायेत मले. उद्घाटनाले मले बी बोलावलं होतं, म्हनून माहीत. अख्खं मालेगाव जमा झालं होतं. पोहरादेवीच्या दर्सनाले जानारे बंजाऱ्यांचे दोन तांडे बी बैलं सोडून थांबले, त्यांच्या बाया घागरे सावरत भितीवर चढल्या. जमशेदनं इंजिन सुरू केलं — धक् धक् धक् — अन् पाइपातून जे पानी आलं... आता खोटं कायले बोलू, भारी दिसे. केळीच्या खोडाएवढी धार, तिच्यावर ऊन पडलं का डोये दिपत. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. शेटनं खुर्चीवरून हात लांब करून जमशेदच्या गळ्यात हार घातला. अन् तो काय करते? हार काढून माह्या गळ्यात घालाले आला. 'भाईजान, हे तुमचं हाय.' सगळ्या गावासमोर! म्या घेतला नाई. कोनाच्या गळ्यातला उतरेल हार मी कायले घालू?

मंग म्या काय केलं सांगू? खिशात ज्वारीच्या लाह्या होत्या. मुद्दाम घेऊन गेल्तो, खोटं नाई. मुठभर लाह्या पान्यावर टाकल्या. लोकाईले वाटलं आमच्यातली काई दुवा असन, शेटानीनं हात जोडले. दुवा-बिवा नाई जी, आमच्या उस्तादची रीत हाय ती — पानी कुठी फिरते हे पाह्याचं तर लाह्या टाका, एक बिडी ओढा अन् लाह्या कुठी जमतात ते पाहा. म्या बिडी ओढली. व्हरांड्यासमोर लाह्या गरगर गरगर, पिसाटल्यासारख्या. अन् दांडीच्या कोपऱ्यात आठ-दहा लाह्या पडल्या होत्या, त्या तिथंच. बिडी सरली तरी तिथंच. मले त्याच दिवशी कळलं, सगळ्यात आधी हा कोपरा सडनार. शेटनं विचारलं, कसं हाय काम, गफ्फार? म्या म्हनलं, माशाअल्ला, नंबर एक.

काहून नाई सांगतलं? बरं विचारलं. कोनी आयकलं असतं का? म्हनले असते, जळते. अन् जळतच होतो. हाव, जळतो मी त्याच्यावर, लिहा पाह्यजे तर, नका लिहू, पन हाय ते हाय. वाशीमच्या कापसाच्या जिनात आमी दोघंबी मुनाफ उस्तादच्या हाताखाली शिकलो. मी त्याच्या चार वर्सं आधी लागलो. चार वर्सं म्या बॉयलरचा कोळसा ओढला तवा कुठी उस्तादनं मले नटाले हात लावू देला. अन् हा आला, पहिल्याच महिन्यात इंजिनाले कान लावून म्हन्ते, उस्ताद, तिसरा वाल्व उशिरा बंद होऊन राह्यला. उस्तादनं खोलून पाह्यलं. खरंच! उस्ताद मले कधी हसून बोलला नाई, त्या दिवशी त्याचा गालगुच्चा घेतला. चोवीस वर्साचा घोडा होता जमशेद, गालगुच्चा! अन् मरतानी उस्तादनं आपला पितळी मुठीचा पाना त्याले देला. मले देली दुवा. आता तुमीच सांगा साहेब, दुवेनं नट खुलते का?

अन् चिडाव म्हनलं तर तो चिडू देत नाई, हे सगळ्यात वाईट. हरामखोर असता तर बरं झालं असतं. ईदले पहिला माह्या घरी येते. माही भट्टी तुटली तवा आपली पाठवून देली. सुलतानबीले बहीन मानते. उद्घाटनाहून घरी आलो तर ही चुलीपाशी बसून हसून राह्यली, म्हने, पाह्यलं का जमशेदभाईची धार कशी होती, जशी चांदी. म्या भाकर बाजूले सारली. वीस वर्सं झाली लग्नाले, माह्या एखाद्या कामाले ही चांदी बोलली नाई. इंझोरीच्या पाटलाचं बुडेल इंजिन म्या गाळातून काढून सुरू केलं, तवा म्हने, हात धुवून या, वास येते. बोला आता.

असो. शेटचं सांगतो. पह्यल्या महिन्यात पानी चांगलं होतं, नवं होतं ना, इहिरीचं ताजं. शेटचा माळी सोमला रोज सकाळी शेटले पाठीवर घेऊन हौदात उतरे, दांडी धरून उभं करे. सोमला माह्याकडं बिडी ओढाले येते, रोजची खबर देते. आज उभे राह्यले. आज एक पाऊल. पंधराव्या दिवशी सोमला आला तो रडतच आला, म्हने, मिस्त्री, सात पावलं टाकली मालकानं, अन् सातव्या पावलाले शेटानीले हाक मारली. मलेबी लय बरं वाटलं, अल्ला कसम. मंग राती भाकर खातानी आठवलं का हे जमशेदच्या पंपानं झालं, तवा बरं वाटेनासं झालं. असा हाय मी. मंग दुसऱ्या महिन्यात कोपरा हिरवा झाला. दांडीखालच्या फरशीवर शेवाळं धरलं, वरून दिसत नाई, पायाले साबनासारखं लागते. सोमला एका हातानं पायरी घासत होता अन् शेट दांडी धरून उभे होते. पाय सटकला. पाठीवर पडले, पानी नाकातोंडात. सोमलानं काढलं, पन मानूस भ्याला. त्या दिवसापासून शेट खुर्ची फिरवून, हौदाकडं पाठ करून बसते. दोन महिने झाले. पाय होते तिथंच गेले, सोमला म्हन्ते आधीच्यापेक्षा बारीक दिसतात. सात पावलांचा मानूस, साहेब.

त्याचंच मले... नाई, काई नाई. घ्या ना चहा, आला पाहा. तुमी काय पाहून राह्यले? ते? ते काई नाई, ती भित. कोळशानं काई बाई काढत असतो मी, मले अक्षर येत नाई पन आकडे येतात. हां, हौदच हाय तो. तीस, पंधरा. बरोबर, अकरा हजार दोनशे. आठ तासांत एक फेरा, म्हनजे तासाले चौदाशे गॅलन, दोन इंची पंप, तोबी आरामात, घाम न येता. ओढनारा पाइप पंपाहून मोठा, अडीच इंची. पानी ओढाचं दांडीच्या कोपऱ्यातून, तळातून, अन् सोडाचं पल्याडच्या टोकाले, पान्याच्या आतून, म्हनजे सारा हौद ढवळून निघते. वाळूची टाकी पसरट, तिच्या तोंडावर भोकं पाडेल पत्रा, म्हनजे धार फुटून झिरझिर पडते, खड्डा होत नाई. चांगलं काढलं हाय ना? बेस काढलं हाय. तुमच्या इंजिनेर साहेबानंबी असंच काढलं असतं.

कवा काढलं? आता... झाले असतीन काई महिने. पानी खराब झाल्यावर? हाव, म्हनजे — नाई. आता तुमाले खोटं कायले सांगू, खाली तारीख घातली हाय, आकड्यात, तुमी वाचलीच असन. दिवाळीच्या आधीची. हौद दिवाळीनंतर खोदला. हाव, आधीचं हाय. शेटले डाक्टरनं सांगतलं अन् गावात बोंब झाली का हौद होनार, तवा म्या पंधरा दिवस बसून हे काढलं. रोज पुसे, रोज नवं काढे. मले वाटे शेट मलेच बोलावनार. वीस वर्सं शेटच्या जिनातलं इंजिन म्याच पाह्यलं ना? नवा सदरा शिवून ठेवला होता, बोलावलं का घालून जाऊ म्हनून. अन् बोलावलं कोनाले? ज्याच्याकडं पाटी.

त्याले मंग काहून नाई सांगतलं? सांगतो ना. तुमी कसे एकेक नट ढिला करून राह्यले, साहेब. तो आला होता. इथंच, तुमी बसले त्या स्टुलावर. काम मिळालं त्याच दिवशी, असरच्या नमाजनंतर, दिवस कलतानी, अकोल्याले मागनीचा कागद धाडाच्या आधी. म्या त्याले दुरून सायकलवर येतानी पाह्यलं अन् पह्यलं काम काय केलं असन? भितीवर पोतं टांगलं. या हिशेबावर. तो सायकल उभी करून आत यायच्याही आधी, एक पाय अजून पायडलवर, तिथूनच म्हन्ते, 'भाईजान, माह्या अंदाजानं आठ तासांत एक फेरा झाला पाह्यजे, म्हनजे दोन इंची. बरोबर हाय ना? तुमी हो म्हना, का मी लिहून धाडतो.'

दोन इंची! आयकलं का साहेब? मले पंधरा दिवस लागले. पंधरा दिवस कोळशानं हात काळे केले, अन् हा सायकलवरून उतरता उतरता बोलला. एकबी आकडा मांडला नाई. माह्या मांगं पोत्याखाली तोच आकडा होता, अन् मले वाटलं कोनी माह्या पोटात हात घालून काढून नेला. म्या फक्त हो म्हनाचं होतं. हो! एक अक्षर. शेट आज अंगनात चालत असता.

म्या म्हनलं, दोन इंची? जमशेद, भेजा फिरला का? शेटच्या बंगल्यात दोन इंची धार? गाव हासन. म्हनन, कंपनीचा एजंट अन् पंप आनला मोरीचा. चार आन, चार. तो म्हने, भाईजान, वाळू झेलन का? म्या म्हनलं, वाळू कायले नाई झेलत, उस्तादच्या जिनात नव्हती का झेलत? जिनात वाळूच नव्हती, साहेब. त्याले बी माहीत होतं नव्हती. पन म्या मोठा, म्या आधी शिकलेला, म्या म्हनतो म्हनजे काई असन, असं त्याच्या तोंडावर दिसलं मले. एकदम. जसं उस्तादसमोर दिसे तसं. मंग मले चढली. म्या म्हनलं, ओढनारा पाइप दोन इंचीच ठेव, कायले उगाच खर्च वाढवतं. म्या म्हनलं, धार व्हरांड्यासमोर पाड, शेटले बसल्या बसल्या दिसन. त्यानं सगळं कागदावर लिहून घेतलं. तुमी आता लिहून राह्यले ना, तसंच. मान हालवत. अन् जातानी माह्या पायाले हात लावला.

झालं. कळलं तुमाले? आता त्या कागदावर खोडा अन् नवं लिहा. जमशेद मिस्त्रीची चूक नाई —

काय? हे कशाचं काढलं? कोनाची चिठ्ठी? जमशेदची. तुमाले देली? कवा? आज सकाळी, माह्याकडं यायच्या आधी. वाचा. मले अक्षर येत नाई सांगतलं ना, वाचा. ... पुन्हा वाचा. 'पंप मोठा मागवला, पाइप लहान ठेवला, पानी चुकीच्या जागी सोडलं, ही चूक सर्वस्वी माझी. मी कोनाचाही सल्ला घेतला नाही.' कोनाचाही. असं लिहेलं हाय? 'कोनाचाही'? खाली सही त्याचीच हाय? पाहू. हाव, पह्यलं अक्षर असंच काढते तो, लांब शेपटीचं.

म्हनजे त्याले माहीत हाय. कधीपासून माहीत असन? ईदले आला होता माह्या घरी, पोटभर शीरखुर्मा खाल्ला, गळाभेट घेतली, तवाबी माहीत असन. कान लावला का दुरूनच कळते त्याले, वाल्व कोनता खराब हाय ते. अन् बोलला नाई. एजंटगिरी जाईन, पाटी उतरन, गाव तोंडावर थुकन, तरी गफ्फारचं नाव नाई घेत तो. केवढा मोठा मानूस! हां? केवढं मोठं मन! उद्या गावाले कळन, तवा काय म्हनतीन — जमशेदनं सगळं आपल्या अंगावर घेतलं, गफ्फारले झाकलं. सुलतानबी काय म्हनन? पुन्हा चांदी!

नाई. नाई चालनार. टाका ती चिठ्ठी फाडून. फाडा म्हन्तो ना! बरं, नका फाडू, कंपनीची असन, पन तिच्या खाली लिहा. लिहा: चूक गफ्फारची. चार इंची गफ्फारनं सांगतलं, दोन इंची पाइप गफ्फारनं सांगतला, धार व्हरांड्यासमोर गफ्फारनं पाडाले लावली. तीनबी गोठी. मी अंगठा देतो. त्याच्या हातून अशी चूक होनार हाय का? तुमाले खरंच वाटलं त्याच्या हातून होईन? अरे, अशी एकात एक बसेल चूक कराले हौद आधी पुरा समजला पाह्यजे, एकेक गोठ उलटी बसवावी लागते, पंधरा दिवस बसाव लागते! हे माह्यं काम हाय. तो कोन होते माह्या कामावर आपली सही करनारा?

काय विचारता? पस्तावा? पस्तावा हाय का म्हनून? शेटचा हाय. शेटच्या पावलांचा हाय, ते सात मोजून ठेवले हायेत म्या, झोपतानी आठवतात. त्याचा नाई. जमशेदचा नाई, एक तोळा नाई. त्यानं मले माफ कराव अन् मी खाली मान घालून त्याच्या दुकानावरून जाव, हे मले मेलो तरी जमनार नाई. तुमाले पटो न पटो. आना इकडं ती शाईची पेटी. कुठी उठवू? इथं? हा घ्या. पुसटला, थांबा, अजून एक. आता कसा साफ उमटला पाहा. अन् ती भित उतरून घ्या, सगळी, त्या तारखेसगट. दोन इंची पंप लौकर धाडा, पाऊस लागायच्या आधी. बसवाले जमशेदच बसू द्या, त्याचा हात हलका हाय.

झालं ना तुमचं? मंग उठा जी. कागद वाळला असन आता. अन् जातानी तुमी त्याच्या दुकानावर जासान, मले माहीत हाय. त्यानं विचारलं, भाईजान काय म्हने, तर म्हना, गफ्फार दुकानात नव्हता. भेटलाच नाई म्हना. कागद त्याले अकोल्याहून दाखवा, टपालानं, माह्या गावात नाई. ... असं नका पाहू माह्याकडं. काई पाह्यासारखं नाई इथं. जा. जा म्हनलं ना.